अंगावर पिणारं बाळ बाटली घेत नाही, कपालाही तोंड लावत नाही. ऑफिस सुरू झाल्यावर काय करायचं?

ताई, तुमची मुलगी पाच महिन्यांची आहे, आतापर्यंत फक्त अंगावर प्यायलेली. बाटली जिभेने बाहेर ढकलते, कप पुढे केला की ओठ मिटून घेते. पुढच्या महिन्यात तुमची रजा संपते, बदलापूरहून फोर्टला जायचं आहे आणि दिवसभर तिच्याजवळ सासूबाई असतील. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिलं हेच सांगावंसं वाटलं की बाटलीच्या मागे लागू नका. आता बाटली शिकवायची आणि वर्षाची झाली की तीच सोडवायची, हा दोनदा त्रास आहे. तिला सरळ वाटीने प्यायला शिकवा.

मुलुंडला माझं पाळणाघर आहे. सहा महिन्यांची रजा संपली की आया बाळांना घेऊन येतात, आणि त्यातली बरीच बाळं तुमच्या मुलीसारखीच बाटली न घेणारी असतात. ‘एवढंसं बाळ वाटीने कसं पिणार?’ असं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी विचारतंच. त्यांना मी शीवच्या टिळक रुग्णालयाचं सांगते. तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या, वजनाने कमी असलेल्या बाळांना ओढून प्यायची ताकद नसते, म्हणून नवजात बाळांच्या वॉर्डात त्यांना वाटी-चमच्याने दूध पाजतात. ती बाळं पितात, तर तुमची धडधाकट मुलगी नक्की पिईल.

वाटी छोटी आणि गोलसर काठाची हवी. बारशाला आलेली चांदीची वाटी असेल तर उत्तम, नाहीतर नैवेद्याची स्टीलची चालते. फक्त काठ बोचरा नाही ना, ते स्वतःच्या ओठाला लावून बघा.

आता पाजण्याची रीत. सगळं यश हिच्यावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाळ पूर्ण जागं हवं आणि भुकेने रडत नसावं. भुकेलं बाळ नवीन काही शिकत नाही, चिडतं. अंगावर पाजून तासभर झाला की ती वेळ चांगली. मांडीवर ताठ बसवा, मानेला आणि पाठीला हाताचा आधार द्या, गळ्यात लाळेरं बांधा. वाटी अर्ध्याहून जरा जास्त भरा म्हणजे फार तिरकी करावी लागत नाही. काठ खालच्या ओठावर हलकेच टेकवा आणि दूध ओठांना लागेल इतकीच वाटी कलती करा. मग थांबा. दूध तोंडात ओतायचं नाही. ती आधी जीभ बाहेर काढून चाटेल, मांजराचं पिल्लू बशीतलं दूध चाटतं तसं, आणि थोड्या दिवसांत ओठ काठाला लावून घोट घेऊ लागेल. घोट घेऊन ती थांबली तरी वाटी तिथेच ठेवा. दर घोटाला वाटी काढून परत लावली तर बाळाचा ताल बिघडतो. मान फिरवली, तोंड मिटलं की त्या वेळेपुरतं संपलं. ठसका लागला तर वाटी बाजूला करून बाळाला पुढे वाकतं धरा.

सुरुवातीला पोटात जाईल त्याहून जास्त दूध लाळेऱ्यात जाईल. एवढ्या कष्टाने काढलेलं दूध असं सांडताना जीव तुटतो, हे मी रोज आयांच्या चेहऱ्यावर बघते. म्हणून पहिले काही दिवस वाटीत दोन-तीन चमचेच घ्या. मधल्या वेळात रिकामी वाटी तिच्या हातात खेळायला द्या.

आणि हे तुम्ही शिकवू नका, सासूबाईंना शिकवू द्या. आई जवळ असताना बाळ वाटी का घेईल? तुमचा वास येतो, आवाज येतो. त्या वेळेला सोसायटीत खाली चक्कर मारून या. रजा संपायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा-दोनदा हे केलंत तर पुरतं.

सासूबाई बोंडल्याने पाजू म्हणतात, त्यांना मोडता घालू नका, कितीतरी पिढ्या त्यावर वाढल्या आहेत. दोनच गोष्टी सांभाळायला सांगा. बाळाला पायांवर आडवं घेऊन दूध ओतायचं नाही, नाक तर कधीच दाबायचं नाही, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि बोंडल्याच्या चोचीत दूध अडकून राहतं, ते नीट घासून उकळायला हवं. मला विचाराल तर वाटी बरी, साफ झाली की नाही ते डोळ्यांना दिसतं. झडप असलेला चोचीचा कप मात्र आणू नका. त्यातून चोखावंच लागतं, म्हणजे बाटलीच झाली.

दुधाचा ढोबळ हिशेब असा, की तुम्ही नसाल त्या प्रत्येक तासाला ३० ते ४५ मिली. जाऊन-येऊन बारा तास धरले तर साधारण ३६० ते ५४० मिली. काढलेलं दूध २५ अंशांच्या आसपास चार तास टिकतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या भरवशावर राहू नका, लगेच फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नको. तिथे ते चार दिवस चांगलं राहतं. ऑफिसमध्ये काढलेलं दूध गोठवलेल्या बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीतून आणा, लोकलच्या प्रवासात काही होत नाही. देताना भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह नको. उष्टं राहिलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या. कधी कधी फ्रिजमधल्या दुधाला साबणासारखा वास येतो आणि बाळ त्यामुळेच तोंड फिरवतं. तिला एकदा ताजं काढलेलं देऊन बघा. ते प्यायली तर अडचण वाटीची नव्हती.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत वाटीत फक्त तुमचं दूध, कितीही उकडलं तरी पाणी नाही. त्यानंतर नाचणीची पेज, मऊ वरण-भात सुरू झाला की जेवताना उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन घोट त्याच वाटीने द्या.

तुम्ही कामावर जाऊ लागलात की काही बाळं दिवसा कमी पितात आणि रात्री भरपाई करतात. तुमची झोप मोडेल, पण बाळ उपाशी आहे असं नाही. दिवसरात्रीत सहा-सात लंगोट नीट ओले होत असतील तर काळजी नको. लघवी कमी किंवा गडद पिवळी झाली, बाळ मलूल वाटलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे.

संध्याकाळी तुम्ही सीएसएमटीहून गाडीत बसलात की घरी फोन करा. तुम्ही पोचायच्या आधीचा तासभर सासूबाईंनी तिला पोटभर पाजू नये, म्हणजे तुम्ही हातपाय धुऊन बसताच ती अंगावर नीट पिईल आणि दिवसभर भरून आलेली छातीही मोकळी होईल. गाडी रखडली तर तेवढ्यापुरते वाटीने चार घोट.