जॉन टेस्टर मोंटानात हरले कशामुळे?

प्रश्न असा आहे: डेमोक्रॅटिक पक्षाचे टेस्टर स्वतः शेतकरी, तीनदा अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आलेले, मग २०२४ मध्ये मोंटानासारख्या शेतीच्या राज्यात पडले कसे? ‘लोक त्यांना कंटाळले’ असं उत्तर बरेच जण देतात. मला ते पटत नाही.

आधी हे ध्यानात घ्या की टेस्टर आरामात कधीच जिंकले नव्हते. २००६ ला जेमतेम साडेतीन हजार मतांनी. २०१२ ला ४८.६ टक्के मतं, आणि लिबर्टेरियन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराने साडेसहा टक्के खाल्ली. पन्नाशी ओलांडली ती एकदाच, २०१८ ला, तीही काठावर. शिवाय २००६ आणि २०१८ ला मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपद नव्हतंच.

म्हणून खरी तुलना २०१२ शी करायला हवी, कारण २०२४ सारखीच तेव्हाही राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सोबत होती. तेव्हा त्यांच्याच पक्षाचे ओबामा मोंटानात सुमारे १४ टक्क्यांनी मागे पडले आणि टेस्टर जवळपास ४ टक्क्यांनी जिंकले. म्हणजे पक्षापेक्षा ते १७ टक्क्यांहून अधिक पुढे होते. २०२४ ला पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस तिथे २० टक्क्यांनी हरल्या, टेस्टर ७ टक्क्यांनी. माणसाची स्वतःची पुण्याई १३ टक्क्यांची उरली, ती काही कमी नाही. पण हिशोब करून बघा: २०१२ इतकी पुण्याई असती तरी २० टक्क्यांचा खड्डा भरला नसता.

त्यांच्या कामात खोट होती असंही नाही. मोंटानातल्या बिग सँडी गावाजवळची घरची शेती ते सिनेटर असतानाही कसत राहिले. नवव्या वर्षी मांस दळायच्या यंत्रात डाव्या हाताची तीन बोटं गेली, तो हात तिथे सगळ्यांच्या ओळखीचा. विषारी धुरामुळे आजारी पडलेल्या माजी सैनिकांसाठीचा २०२२ चा कायदा झाला तेव्हा सिनेटच्या माजी सैनिक समितीचे अध्यक्ष तेच होते. समोरचे रिपब्लिकन उमेदवार टिम शीही हे माजी नेव्ही सील (अमेरिकी नौदलाचे कमांडो), वणवे विझवणाऱ्या विमानांच्या कंपनीचे संस्थापक, पण वाढलेले मिनेसोटात. ‘बाहेरचा’ हा शिक्का टेस्टरनी वापरून पाहिला, चालला नाही. जेमतेम ११ लाख वस्तीच्या राज्यात दोन्ही बाजूंनी मिळून २५ कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला गेला. एवढ्या पैशाने फारशी मतं फिरली असतील असं मला वाटत नाही.

आणि त्याच दिवशी, त्याच मोंटानात, गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालण्याच्या प्रस्तावाला जवळपास ५८ टक्के मतं पडली. ट्रम्प यांनाही साधारण तेवढीच. त्या प्रस्तावापुढे कुठल्याच पक्षाचं नाव छापलेलं नव्हतं. टेस्टर यांच्या नावापुढे ते होतं.