जुन्या मारुती 800च्या मागच्या चाकाची घरघर: बेअरिंग घरी बदलता येईल का?

तुमची 800 2006ची आहे, मागून घरघर येते आणि मेकॅनिक बेअरिंग गेलंय म्हणतो. घरी बदलता येईल का? येईल, पण अर्धंच काम घरी करा.

आधी खात्री करा. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करा. इंजिन शांत होऊनही घरघर तशीच राहिली तर दुखणं चाकाकडचं. टायरचा आवाज डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलं की बदलतो, बेअरिंगचा वळणावर बदलतो. उजव्या वळणावर वाढला तर बहुधा डावं गेलंय. मग पुढच्या चाकांना दगड लावून मागचं चाक उचला, हँडब्रेक सोडा आणि एका हाताने स्प्रिंग धरून दुसऱ्याने चाक फिरवा. जात्यात खडा आल्यासारखी खरखर बोटांना लागते.

800ला मागे दोन बॉल बेअरिंग ड्रममध्येच (चाकामागच्या ब्रेकच्या डब्यात) घट्ट बसवलेली असतात, मध्ये त्यांना ठराविक अंतरावर ठेवणारी स्पेसरची नळी. स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुमडलेली तार) आणि कॅसल नट (खाचा असलेला नट) काढला की ड्रम निघतो. अडकला तर त्याच्या आटे पाडलेल्या भोकांत दोन बोल्ट आळीपाळीने आवळा. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. स्पेसर थोडा बाजूला सरकवला की पंच (ठोकायची पोलादी कांडी) टेकवायला जागा मिळते. समोरासमोर ठोकत जुनं बेअरिंग काढा. त्याला कितीही मारा, ते भंगारातच जायचंय.

नव्याला मात्र हातोडी लावू नका. मी लावली होती, तीही आतल्या रिंगवर, आणि दोन महिन्यांत तीच घरघर परत. तेव्हा दुकानदाराला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या, पण चूक माझीच होती. ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची रिंग. आतल्या रिंगवर मारलं की घाव छर्ऱ्यांमधून (दोन रिंगांमधल्या पोलादी गोळ्यांमधून) जातो आणि छर्रे आपल्या वाटेवर खड्डे पाडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण चाक फिरलं की वाजतात. म्हणून ड्रम, स्पेसर आणि दोन्ही बेअरिंग घेऊन सरळ लेथवाल्याकडे जा आणि प्रेसवर, बाहेरच्या रिंगवर दाब देऊन बसवून घ्या. सील एकाच बाजूला असेल तर ती बाजू बाहेर. दुसरं बेअरिंग बसण्याआधी स्पेसर आत गेलाय ना, ते तिथे उभं राहून बघा. खरेदीला जुनं बेअरिंग न्या, नंबर रिंगवरच कोरलेला असतो.

ग्रीस आतली पोकळी निम्मीही भरणार नाही इतकंच. ब्रेक शूला (ड्रमच्या आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांना) तर ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. स्पेसर असल्यामुळे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत (आवळायच्या जोरापर्यंत) पूर्ण आवळायचा. टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगवाल्या गाड्यांसारखा आवळून पुन्हा सैल करायचा नाही. पिनचं भोक जुळलं नाही तर किंचित पुढे आवळा. पिन नवीनच टाका, जुनी सरळ करून नको.

पंधरा-वीस किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा. नवं बेअरिंग घातलेला ड्रम जास्त तापलेला असेल तर पुन्हा खोला.