चंडीगढच्या खुर्चीवरचा पांढरा आकडा खरवडू नका

जुन्या फर्निचरच्या बाजारात आपल्याला वेताच्या चार खुर्च्या मिळाल्या, त्यांच्या पाठीमागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात काही अक्षरे आणि आकडे आहेत, त्या वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या चंडीगढच्या खुर्च्या असाव्यात अशी आपल्याला शंका आहे, आणि सुतार त्या घासून मेलामाइन पॉलिश मारून द्यायला तयार आहे, असे आपण येथे लिहिले आहे. सुताराला आजच थांबवा. पुढचे सावकाश वाचले तरी चालेल.

नोकरीतल्या बदलीमुळे मी काही वर्षे चंडीगढला होतो. तेथील एका कार्यालयाने निर्लेखित, म्हणजे नोंदीतून काढून टाकलेल्या, सामानाचा लिलाव काढला तेव्हा सागवानाच्या दोन मोडक्या खुर्च्या मी किरकोळ रकमेत घेतल्या. पावतीवर जडवस्तू नोंदवहीतले (कचेरीच्या सामानाच्या नोंदींच्या वहीतले) दोन क्रमांक लिहिलेले होते आणि तेच खुर्च्यांच्या पाठीवर रंगवलेले होते. पुण्याला परत आल्यावर मी त्या पॉलिशपेपरने पार लाकूड दिसेपर्यंत घासून घेतल्या, कारण ते आकडे मला डागांसारखे वाटले. सुताराने एकदा विचारलेही होते की हे राहू द्यायचे का, आणि मी मोठ्या तोऱ्यात नको म्हणालो होतो. पुढे अशाच खुर्चीचे छायाचित्र परदेशातल्या लिलावाच्या सूचीत पाहिले, तेव्हा पावती शोधून काढली. पावती अजूनही माझ्याकडे आहे, खुर्च्याही आहेत. पण ही पावती याच खुर्च्यांची आहे, हे दाखवणारे काहीही आता माझ्यापाशी नाही.

नोंदवहीचा उतारा मिळावा म्हणून मी त्या कार्यालयाला रीतसर पत्र पाठवले. सात महिन्यांनी उत्तर आले की वस्तू क्रमांकासह सादर करावी. क्रमांक पुसला गेल्याचे कळवल्यावर सांगण्यात आले की नोंदवही दुसऱ्या शाखेकडे गेली आहे, आणि त्या शाखेने पहिल्या शाखेची परवानगी मागितली. दूरध्वनीवर तर एका गृहस्थांनी, भंगाराची एवढी चौकशी कशासाठी, असा उलट प्रश्न केला. ज्यांच्या गच्चीवर या खुर्च्या वर्षानुवर्षे पावसात भिजत होत्या, त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणे ही माझीच चूक होती, असे आता म्हणतो.

या आकड्याला इतके महत्त्व का, हे जानरे यांच्या कामाच्या पद्धतीवरून कळते. 1896 साली जिनिव्हात जन्मलेले जानरे हे चंडीगढ शहराचा आराखडा करणारे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ. पॅरिसमध्ये या दोघांनी फर्निचर-रचनाकार शार्लोत पेरियाँ यांच्यासह पोलादी नळ्यांचे जे फर्निचर केले, ते 1929 च्या प्रदर्शनात गाजले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र दोघांचे मार्ग वेगळे झाले. चंडीगढ हे नवे राजधानीचे शहर वसवण्याच्या कामासाठी ते पुन्हा एकत्र आले, पण कॉर्ब्युझिए वर्षातून दोन वेळा येऊन जात, तर जानरे 1951 पासून 1965 पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या अस्थीही तेथील सुखना तलावात विसर्जित झाल्या. म्हणून या खुर्च्यांना ‘कॉर्ब्युझिएच्या खुर्च्या’ म्हणणारा विक्रेता भेटला की मी तेथून निघतो. खरे तर एकट्या जानरे यांचे नाव घेणेही मला पुरेसे वाटत नाही, कारण वास्तुविशारद युली चौधरी यांच्यासारखे भारतीय सहकारी या कामात होते. नव्या राजधानीतल्या कचेऱ्या, न्यायालये आणि वसतिगृहे यांना एकाच वेळी स्वस्त आणि टिकाऊ सामान हवे होते. त्यामुळे सागवान, शिसव आणि वेत वापरून, कंपासासारखे फाकलेले पाय असलेल्या खुर्च्या स्थानिक सुतारांकडून करून घेण्यात आल्या. त्या एका कारखान्यात बनल्या नाहीत, त्यांवर सही नाही, आणि एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापेही तंतोतंत जुळत नाहीत. खुर्ची कोणत्या कचेरीत होती, हे सांगणारा तो रंगवलेला आकडाच काय तो उरतो.

अर्थात नकली माल विकणारेही सर्वांत आधी आकडाच रंगवतात, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. बैठकीच्या खालची बाजू, जुन्या स्क्रूंची भोके आणि खुर्चीच्या हातांवरची झीज पाहावी. बसणाऱ्याचा हात जेथे टेकतो तेथेच झीज असेल तर बरे लक्षण, सगळीकडे सारखी असेल तर मला संशय येतो. मी तज्ज्ञ नाही, हे माझ्या वरच्या पराक्रमावरून लक्षात आलेच असेल.

कायद्याविषयी वकिलाला विचारावे. माझ्या समजुतीप्रमाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याला साधारणपणे शंभर वर्षांचे वय लागते आणि हे फर्निचर त्यात बसत नाही. मात्र 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने चंडीगढच्या वारसा-सामानाच्या विक्रीला आळा घालणारा आदेश काढला. म्हणून विक्रेत्याने खुर्च्या कोठून आणि केव्हा घेतल्या, हे तारखेसह लिहून घ्यावे. तो टाळाटाळ करू लागला तर पैसे परत मागावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेत फाटला असेल तर नवा विणून घ्यायला माझी हरकत नाही, तो तेव्हाही बदलतच असत. जुन्या विणीचा एक तुकडा मात्र जपून ठेवावा. लाकूड मऊ, कोरड्या कापडाने पुसावे आणि आकड्याच्या भागाला तेलही लावू नये. त्याचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून काढावे, पण येथे टाकताना शेवटचे दोन अंक झाकावेत, कारण असे खरे आकडे पाहून नकली खुर्च्यांवर उतरवणारेही येथे वाचत असतात.