लोणच्याच्या यंत्राला कुठलं स्टील?

सुयश, धातुशास्त्र शिकून तू खाद्ययंत्रांकडे वळतोयस याचा मनापासून आनंद आहे. रबाळे एमआयडीसीत लोणचं कालवायचं यंत्र बनवणार असशील, तर आधी पत्रा नीट निवड. ३०४ या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुधाला ते पुरतं. पण मिठातलं क्लोराइड आणि आंबटपणा एकत्र आले की त्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते जास्त टिकतं. महाग पडतं, पण इथे काटकसर नको.

वेल्डिंगचा सांधा स्वतः बोट फिरवून बघ. कडेला निळसर-तपकिरी पट्टा दिसला, तर तिथला संरक्षक थर बिघडलाय. पिकलिंग (म्हणजे आम्लाने तो डागाळलेला थर काढणं) आणि पॅसिव्हेशन (म्हणजे संरक्षक थर पुन्हा नीट तयार करणं) झाल्याशिवाय टाकी ताब्यात घेऊ नकोस. फॅब्रिकेटर ‘बफिंग मारून देतो’, म्हणजे नुसती घासून चकाकी आणतो, म्हणेल, तेवढ्यावर भागवू नकोस.

पेटंटची मात्र घाई कर. प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाकडे प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. नुसत्या मसाल्याच्या मिश्रणावर पेटंट मागू नकोस, कायद्याचं कलम ३(ई) आडवं येतं. हक्क यंत्राच्या रचनेवर माग.