कांद्याचे मूळ काय सांगते?

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आम्ही एका औषधी वनस्पतीच्या पाल्याचा मिथेनॉलमधील अर्क काढून तो कांद्याच्या मुळांवर तपासला. तीव्र अर्कात मुळे खुंटली आणि काही पेशींत गुणसूत्रे तुटलेली दिसली. आजीला हे सांगितले, तर ती म्हणाली, ‘आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याचा काढा घेतात, कुणाला काही झालेले नाही.’ मग खरे काय मानावे?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आजींचे म्हणणे आदराने ऐकावे, कारण त्यात खरी माहिती आहे. काढा घेतल्यावर उलटी, जुलाब किंवा भोवळ आली असती, तर घराण्याने तो केव्हाच सोडून दिला असता. तत्काळ होणारी विषबाधा अनुभवाला कळते. पेशीतील डीएनएला झालेली इजा मात्र दुखत नाही, आणि तिचा परिणाम वर्षानुवर्षांनी दिसला, तर त्याचा संबंध जुन्या काढ्याशी जोडणे कोणत्याही कुटुंबाला शक्य नसते.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण बेल्जियममधील आहे. ब्रुसेल्स येथे १९९०नंतर वजन कमी करण्यासाठी दिल्या गेलेल्या गोळ्यांत एका चिनी वनौषधीऐवजी, नावातील साम्यामुळे, ॲरिस्टोलोकिया प्रजातीची वनस्पती आली. शंभराहून अधिक रुग्णांची, त्यांतही बहुतांश स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी होत गेली. पुढे मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा १८ जणांत कर्करोग आढळला. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्या वनस्पतीतील ॲरिस्टोलोकिक आम्ल डीएनएला चिकटून बसते आणि त्यात स्वतःची ओळखू येणारी उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएतील कायमचे बदल, मागे ठेवते. या प्रजातीच्या वनस्पती युरोपात आणि चीनमध्ये शतकानुशतके औषध म्हणून वापरात होत्या. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसण ही वेल याच प्रजातीची आहे आणि तिच्यातही हे आम्ल असते, हे आवर्जून नोंदवतो.

आता तुमच्या कांद्याकडे वळू. १९३८मध्ये स्वीडनमधील अल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसीन या वनस्पतिजन्य विषारी द्रव्याचा परिणाम कांद्याच्या मूलाग्रांवर (मुळांच्या टोकांवर) अभ्यासला, तेथून ही पद्धत रूढ झाली. कांद्याच्या पेशीत १६ मोठी गुणसूत्रे असतात आणि मुळाच्या टोकाला पेशीविभाजन जोरात चालू असते, त्यामुळे बिघाड साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. कोल्चिसीन तर्कुतंतू, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणारे धागे, बनूच देत नाही. गुणसूत्रे दुप्पट होतात, पण दोन टोकांना ओढली जात नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते, आणि तो कंद पोटात गेल्याने माणसे दगावलेली आहेत. येथे कांदा आणि माणूस यांची साक्ष जुळते, कारण तर्कुतंतू दोघांतही एकाच प्रकारच्या प्रथिनाचे असतात.

तरीही प्रत्येक वेळी असे जुळेलच असे नाही. आपण प्यायलेले द्रव्य आतड्यातून शोषले जाते, यकृतात बदलते. काही द्रव्ये तेथे निरुपद्रवी होतात, तर काही तेथेच घातक बनतात. कांद्याला यकृत नाही. म्हणूनच ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने उत्परिवर्तने ओळखण्यासाठी साल्मोनेला जिवाणूंवर बसवलेल्या चाचणीत उंदराच्या यकृताचा अर्क मिसळून आणि न मिसळता असे दोन्ही प्रयोग करतात. तीही चाचणी एकटी पुरेशी नसते. क्वेर्सेटिन हे कांद्यातच भरपूर असलेले द्रव्य त्या चाचणीत उत्परिवर्तक (उत्परिवर्तने घडवणारे) ठरते, पण त्यावरून कांदा कर्करोग करतो असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे जिवाणू, सस्तन प्राण्यांच्या पेशी आणि गरज पडल्यास, रीतसर परवानगीने, प्रयोगशाळेतील प्राणी असा क्रम ठेवावा लागतो.

तुमच्या निष्कर्षावर शिक्का मारण्यापूर्वी मला काही गोष्टी विचाराव्याशा वाटतात. तुलनेसाठी, अर्कात होते तितकेच मिथेनॉल घातलेल्या साध्या पाण्यातही काही कांदे ठेवले होते का? अर्काची आम्लता मोजली होती का? आंबट किंवा टॅनिनयुक्त (तुरट द्रव्ये असलेल्या) पाण्यातही मुळे खुंटतात, आणि मुळे खुंटणे म्हणजे जनुकीय इजा नव्हे. तुटलेली गुणसूत्रे आणि सूक्ष्मकेंद्रके (मागे राहिलेल्या गुणसूत्रांची वा त्यांच्या तुकड्यांची बनलेली छोटी केंद्रके) यांना अधिक वजन आहे. पण ती प्रत्येक तीव्रतेला किमान हजार पेशींत मोजलेली हवीत, आणि मोजणाऱ्याला कोणती स्लाइड कशाची आहे हे ठाऊक नसावे. तीव्रता निम्म्यावर आणल्यावर बिघाडही घटतो का, हे पाहिल्याशिवाय अर्काला दोष देऊ नये.

आणखी एक महत्त्वाची बाब अशी, की आजी मिथेनॉल वापरत नाहीत. मिथेनॉलमध्ये उतरणारी पुष्कळ द्रव्ये उकळत्या पाण्यात उतरत नाहीत. आजींकडून पाला किती, पाणी किती, किती वेळ उकळायचे आणि दिवसाला किती घ्यायचे हे लिहून घ्या, त्याच कृतीने काढा करा आणि तोच, थंड करून, वेगवेगळ्या प्रमाणात कांद्यांना द्या. वनस्पतीचा एक नमुना दाबून, वाळवून विभागाच्या वनस्पतिसंग्रहात तिच्या शास्त्रीय नावासह जमा करायला विसरू नका.