जुना ट्रॅक लोडर घेताना आधी चेन पाहा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सांगोला तालुक्यात माझी बारा एकर डाळिंबाची बाग आहे. पुण्याच्या एका ठेकेदाराकडे रबरी चेनवर चालणारा छोटा लोडर विक्रीला आहे. आमच्याकडे लोक त्याला ‘चेनची बॉबकॅट’ म्हणतात. मीटरवर २,३०० तास दिसतात आणि चेन नुकतीच नवी टाकल्याचे मालक सांगतात. बागेत शेणखत टाकणे, छाटणीच्या काट्या बाहेर काढणे, नव्या लागवडीचे खड्डे घेणे आणि उरलेल्या वेळात भाड्याने कामे करणे असा विचार आहे. व्यवहार करावा का? पाहायला जाताना काय तपासावे?
(एक बागायतदार, सांगोला)

उत्तर : आपल्या पत्रात ‘चेन नवी आहे’ हे वाक्य आश्वासक वाटत असले, तरी तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. रबरी चेन सर्वसाधारण वापरात १,२०० ते १,६०० तास टिकते; खडकाळ जमिनीत आणि बेफिकीर ऑपरेटरच्या हाती ती त्याहून बरीच लवकर संपते. त्यामुळे २,३०० तासांच्या यंत्राची पहिली चेन बदललेली असणे स्वाभाविकच आहे. पाहायचे ते हे, की चेनबरोबर स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाकही बदलले आहे का. चेनच्या रबरात पोलादी कड्या बसवलेल्या असतात आणि स्प्रॉकेटचे दात त्यांच्यात अडकून चेन ओढतात. दात झिजलेले असतील, तर ते कड्यांशी नीट जुळत नाहीत आणि नवी चेन आतून कुरतडली जाते. दात दोन्ही बाजूंनी सारखे दिसले तर ठीक. विळ्याच्या टोकासारखे एकीकडे वाकलेले दिसले, तर नव्या चेनचे कौतुक तिथेच थांबवावे.

त्यानंतर यंत्र उचलून धरून त्याला भक्कम आधार द्यावा आणि प्रत्येक रोलर (चेनच्या आतल्या बाजूने फिरणारे छोटे चाक) हाताने फिरवून पाहावा. जाम झालेला रोलर एका बाजूने घासून सपाट होतो, आणि ज्याचे सील गेले आहे त्याच्याभोवती तेलात भिजलेली धूळ चिकटलेली असते. चेनच्या बाहेरच्या दातांची उंची नवेपणी साधारण एक इंच असते, तीही पट्टीने मोजावी. रबर फाटून आतली तार उघडी पडली असेल, तर ती चेन नवी नाही, हे वेगळे सांगायला नको. पुण्याला जाण्यापूर्वी दोन चेन, दोन स्प्रॉकेट आणि रोलर यांचे दर एखाद्या सुटे भाग विकणाऱ्याकडून लेखी घ्यावेत. जे भाग उतरलेले दिसतील त्यांची रक्कम मागितलेल्या किमतीतून वजा केल्यावर जो आकडा उरेल, त्यावर बोलणी सुरू करावीत. इंजिनावर आणि रंगावर भाळून चेनकडे दुर्लक्ष करणारे गिऱ्हाईक विक्रेत्याला फार आवडते.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वी यंत्र चालवून ठेवू नये, असे मालकांना आधीच सांगावे आणि गेल्यावर इंजिनाला हात लावून खात्री करावी. सुरुवातीला थोडा धूर आला तरी हरकत नाही, पण इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळत आहे असे समजावे. हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची परीक्षा मात्र नेमकी उलटी आहे, कारण तिथे तेल गरम झाल्याशिवाय दोष उघडा पडत नाही. थंड, घट्ट तेलावर झिजलेला पंपही जोर दाखवतो. तेल तापून पातळ झाले, की तोच पंप आतल्या आत गळतो आणि यंत्र मरगळते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हा फरक आपल्याला फार जाणवेल. म्हणून शक्य असेल तर दुपारी, सलग अर्धा-पाऊण तास काम करून घेऊन मगच मत बनवावे. सपाट जागेवर यंत्र सरळ चालवावे. ते एका बाजूला ओढत असेल, तर दोन्ही चेनचा ताण असमान आहे किंवा त्या बाजूची ड्राइव्ह मोटर अगर पंप थकला आहे. मातीच्या ढिगात बकेट घुसवून ढकलताना दोन्ही चेन सारख्या जोराने फिरतात का, हेही पाहावे. हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी गेले आहे.

तासांच्या मीटरवर एकट्यावर विसंबू नये, कारण मीटर बदलता येतो. सीट, पायाखालचा पत्रा, लिव्हरच्या मुठी आणि बकेटच्या पिनांमधला खुळखुळा हे सहसा खरे वय सांगतात. यंत्राच्या पाटीवरील क्रमांक बिलाशी जुळवून घ्यावा, आणि कर्जावर घेतलेले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय विसार देऊ नये.

वजन उचलण्याच्या आकड्यांमध्ये अनेकांची फसगत होते. चाकांच्या लोडरची वजन उचलण्याची क्षमता तो ज्या वजनाला पुढे कलंडतो त्याच्या ५० टक्के धरतात, तर चेनच्या लोडरची ३५ टक्के. म्हणजे दोन्ही यंत्रे २,००० किलोला कलंडत असतील, तर कागदावर एकाची क्षमता १,००० आणि दुसऱ्याची ७०० किलो दिसते. म्हणून तुलना करताना कलंडण्याचे वजन विचारावे. खड्डे घेणाऱ्या ऑगरला (यांत्रिक गिरमिटाला) साधा हायड्रॉलिक प्रवाह पुरतो. काट्यांचा भुगा करणारा मल्चर लावायचा असेल, तर जादा प्रवाहाची सोय यंत्रात असावीच लागते.

आता मूळ प्रश्न. साडेचार बाय तीन मीटरच्या लागवडीत सुमारे पावणेदोन ते दोन मीटर रुंदीचे यंत्र ओळीतून जाऊ शकते, पण झाडांचा घेर वाढल्यावर प्रत्यक्ष किती वाट उरते हे टेप लावून पाहावे. ओळीच्या टोकाला वळताना ठिबकच्या नळ्या उचलून ठेवाव्या लागतील हेही लक्षात घ्यावे. चेनचा खरा फायदा जमिनीवरचा दाब कमी असण्यात आहे. तो चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने ०.३ ते ०.४ किलो असतो, आणि चाकांचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. वाफसा पुरता आलेला नसतानाही मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या काळ्या रानात किंवा भीमेकाठच्या उसात चेनचे यंत्र उतरू शकते, चाकांचे रुतते. आपली बाग आणि भाड्याची कामे जर मुरमाड, धोंड्यांच्या जमिनीतच असतील, तर हा फायदा आपल्याला मिळणार नाही, आणि काळ्या दगडाच्या कडा मात्र चेन कापत राहतील. अशा जमिनीसाठी आम्ही चाकांचा जुना लोडरच सुचवू. टायर बदलणे चेनच्या मानाने फार स्वस्त पडते.

भाड्याने जाणार असाल तर आणखी एक पथ्य पाळावे. डाळिंबाचा मर रोग मातीतून पसरतो आणि चेनमध्ये किलोंनी माती अडकते. एका बागेतून निघताना यंत्र तिथेच खरवडून, धुऊन निघावे. परत आल्यावर आपल्या बागेत धुण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या ट्रॅक लोडरची डावी चेन काळ्या रानात वरचेवर उतरते. ऑपरेटर म्हणतो चेन ढिली आहे. घट्ट केली तरी आठवड्याने पुन्हा तेच. काय करावे?
(एक यंत्रमालक, बार्शी)

उत्तर : एकच बाजू उतरते, यावरून त्या बाजूचा पुढचा आयडलर (चेन ताणून धरणारे मोकळे चाक), रोलर किंवा ताण देणारा ग्रीसचा सिलिंडर तपासण्याची गरज दिसते. सिलिंडरचे सील गळत असेल, तर ताण आठवड्यात उतरणारच. दुसरे कारण चिखलाचे. काळी माती संध्याकाळी ओली असताना काढली नाही, तर सकाळी ती विटेसारखी कडक झालेली असते आणि त्यावर चेन चढून घसरते. फावड्याने रोजच्या रोज साफ करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. तिसरे कारण ऑपरेटर स्वतः सांगणार नाही : उतारावर आडवे चालवत असताना, विशेषतः मागे घेताना, झटक्याने वळवले की चेन निघते. जागच्या जागी गरकन फिरण्याऐवजी पुढे-मागे करत तीन टप्प्यांत वळावे. उतारावर सरळ वर-खाली जावे आणि जड बाजू चढाकडे ठेवावी; म्हणजे बकेट रिकामी असेल तर चढताना यंत्र उलटे न्यावे, कारण इंजिनाचे वजन मागे असते.

ताण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच ठेवावा. अति घट्ट चेन बेअरिंग खाते आणि इंजिनाची ताकद वाया घालवते. ताण कमी करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूहळू सैल करावा, पूर्ण काढू नये आणि त्याच्या समोर तोंड किंवा हात धरू नये. तिथे ग्रीस प्रचंड दाबाखाली असते. ते कातडीत घुसले, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे.

प्रश्न : चिंचोळी औद्योगिक वसाहतीत आमचा सिमेंट विटांचा कारखाना आहे. आवार पूर्ण काँक्रीटचे आहे. चेनचा जुना लोडर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?
(एक उद्योजक, सोलापूर)

उत्तर : घेऊ नये. काँक्रीटवर दिवसभर वळणारी रबरी चेन खोडरबरासारखी झिजते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी १९५७ साली टर्की पक्ष्यांचे कोठार साफ करण्यासाठी या जातीचे पहिले यंत्र बनवले, तेही चाकांचेच होते, आणि आपले काम त्या कोठाराच्याच जातीचे आहे. चाकांचा लोडर पाहावा.