कच्च्या मालाचे भाव आणि कच्चं वाक्य

प्रश्न : मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. कमोडिटी विश्लेषक, म्हणजे कच्च्या मालाच्या भावांचा अभ्यासक, व्हायची इच्छा आहे. पण आमच्या पुस्तकात आहे की कच्च्या मालाचे भाव दीर्घकाळात घसरत जातात, आणि बातम्यांत तर रोज उसळी. बाबा म्हणतात, पडत्या बाजारात कसलं करिअर? मी काय करू?

उत्तर : बाबांना आधी एवढं सांग, की भाव पडले म्हणून भावांचा अभ्यास करणाऱ्याचं काम जात नाही. 'आता पुढे काय?' असं विचारायला लोक तेव्हाच धावत येतात.

पुस्तक चुकलेलं नाही, तू वाक्य अर्धं उचललंस. १९५० मध्ये राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थतज्ज्ञांनी जे मांडलं, ते नुसत्या भावाबद्दल नव्हतं. कारखान्यातल्या मालाच्या तुलनेत कच्च्या मालाला कमी कमी मिळत जातं, याबद्दल होतं. कारणं साधी. पगार दुप्पट झाला म्हणून कुणी दुप्पट साखर खात नाही. रबराला, धाग्याला कृत्रिम पर्याय निघतात. पुढे ग्रिली आणि यांग या अर्थतज्ज्ञांनी १९०० ते १९८६ पर्यंतचे आकडे जुळवले, तेव्हा ही तौलनिक घसरण वर्षाला साधारण अर्धा टक्का निघाली. अर्धा टक्का! एखाद्या धातूचा भाव तेवढा एका दुपारीही हलतो. म्हणून बातम्यांत तुला कल दिसतच नाही, फक्त धक्के दिसतात.

तांबं बघ. २००१ च्या अखेरीस टनाला १,४०० डॉलरच्या खाली गेलेलं तांबं २०११ च्या सुरुवातीला १०,००० च्या वर होतं. चीनचे कारखाने तांबं गिळत होते; आणि तेच कारखाने जगभर तयार माल स्वस्त करत होते. म्हणजे कच्च्या मालाचा भाव भागिले तयार मालाचा भाव, या तुलनेत जागतिकीकरणाने अंश वाढवला आणि छेद दाबला. त्यात आणखी एक मेख : तांबं तेच राहतं, पण आजचा फोन दहा वर्षांपूर्वीचा फोन नसतो. मग तयार मालाचा भाव वाढला म्हणायचं, की दर्जा? या प्रश्नावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात, आणि तुझ्यासारख्यांना काम इथेच आहे.

तेव्हा एमएला कालश्रेणी विश्लेषण (काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा अभ्यास) आणि अर्थमिती (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) घे, पायथन किंवा आर ही संगणकाची भाषा शीक. खाणकंपन्यांचे नियोजन विभाग, बँका, संशोधन संस्था अशी माणसं शोधतात. तीन महिन्यांत 'कमोडिटी एक्स्पर्ट' करणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नकोस. ट्रेडर होणं हा वेगळाच पिंड, त्याची यात गल्लत नको.

या आठवड्यात एक कर. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर 'पिंक शीट' नावाची भावांची फाइल फुकट मिळते, १९६० पासूनची. तांब्याचा रकाना काढून दोन आलेख काढ : एक १९८० ते २००१, दुसरा २००१ ते २०११. दोन्ही बाबांपुढे ठेव, पण वर्षं झाकून. भाव चढता की पडता, ते त्यांनाच विचार.